‘घरातच नर्स हाय की!’

पहिल्या दिवशी कॉलेजच्या वॉचमननं मला गेटवरच अडवलं. "ताई, पालकांची मीटिंग शनवारी हाय. आज नुसतं पोरींना सोडायचं आणि जायचं."

मी म्हटलं, "मीच पोरगी आहे."

त्यानं माझ्याकडं बघितलं, कानाजवळच्या पांढऱ्या केसांकडं बघितलं आणि आतल्या माणसाला हाक मारली, "ए, ह्या काय म्हणत्यात बघ की जरा!"

गणवेशाचं माप द्यायला गेले तर शिंपी म्हणाला, "पोरीला घेऊन या. अंदाजानं शिवत न्हाय मी." बँकेत फीचं चलन भरताना कारकुनानं विचारलं, "मुलीचं नाव?" शेवटी शेवटी मी भांडणं सोडून दिली. एका ठिकाणी तर सरळ सांगून टाकलं की मुलगी हुशार आहे, तिला आवड आहे. तेवढ्यानं काम लवकर झालं.

चौतिसाव्या वर्षी मी नर्सिंगला गेले. वयाची अट काठावर बसत होती. त्याआधी कितीतरी वर्षं मी आमच्या कसबा बावड्यात एका दूध संस्थेत फॅट काढायचं काम करत होते. सकाळ-संध्याकाळ लोक कॅन घेऊन येणार, मी प्रत्येकाच्या दुधाचा नमुना घेऊन त्यात स्निग्धांश किती ते बघणार, आणि त्यावर त्याचा दर ठरणार. फॅट कमी लागली की माणूस म्हशीवर कधी चिडत नाही, फॅट काढणारीवर चिडतो. मलाही मग आवाज चढवायची सवय लागली. आजही वॉर्डात मी बोलले की दुसऱ्या मजल्यावरचे पेशंट जागे होतात असं सगळे म्हणतात.

मी नर्सिंगला का गेले, हे मला प्रत्येक कार्यक्रमात विचारतात. लोकांना ‘सेवेची आवड’ ऐकायचं असतं आणि मीही इतकी वर्षं तेच सांगत आले. खरं असं की संस्थेच्या सचिवांची मुलगी आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर नर्सिंगचा फॉर्म भरायला बसली होती. तिच्या मागं उभी राहून मी अटी वाचल्या. बारावी, इंग्रजी, वय. तिन्हींत मी बसत होते. त्या मुलीनं शेवटी फॉर्म भरलाच नाही, मी भरला. मला पक्क्या पगाराची नोकरी हवी होती, आणि लोक अंगावर ओरडणार नाहीत अशी जागा हवी होती. यातलं दुसरं कारण आठवलं की स्वतःचीच कीव येते.

वर्गातल्या पोरी सतरा-अठराच्या. सुरुवातीला मी वर्गात शिरले की मॅडम समजून उभ्या राहायच्या. मग ‘काकी’ म्हणायला लागल्या, आणि मग मी त्यांची फुकटची आई झाले. हॉस्टेलवर कुणाला घरची आठवण आली, काकी. कुणाचं पोट दुखतंय, काकी. इंग्रजीतला धडा कळेना तिथं मात्र काकीचा उपयोग नव्हता, कारण तो काकीलाच कळत नव्हता. हाडांची नावं पाठ करत मी घरात झाडलोट करायची. आत्तींनी एकदा विचारलं, "काय गं, कुणाला मंतर घालाय लागलीस?"

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भागात सासूला आत्तीच म्हणतात. घरात आम्ही तिघंच. मुलगा तेव्हा मुरगूडला माझ्या माहेरी राहून शिकत होता. आमचे हे, म्हणजे आत्तींचा बाळू, साखर कारखान्यात बॉयलरवर हंगामी कामगार. उसाचं गाळप चालू तोवर तिन्ही पाळ्या, आणि हंगाम संपला की दसऱ्यापर्यंत घरी.

आम्हाला शिकवणाऱ्या शेख मॅडम मूळच्या मुरगूडच्याच निघाल्या. त्यांच्या वडिलांचं तिथं गाद्यांचं दुकान. माझ्या लग्नातली गादी त्या वडिलांच्याच हातची. मला वाटलं, चला, गावची ओळख निघाली, जरा सांभाळून घेतील. त्यांनी पहिल्याच दिवशी मी घातलेली चादर तीनदा ओढून काढली. दवाखान्यातली चादर पाकिटासारखे कोपरे दुमडून इतकी ताठ घालायची असते की पेशंटच्या पाठीखाली एक चुणी राहता कामा नये. हलता न येणाऱ्या माणसाला त्या चुणीनंच जखम होते. मी म्हटलं, "मॅडम, पंधरा वर्षं अंथरुणं घालतेय घरात."

"व्हय, आणि पंधरा वर्षं चुकीची घालताय," त्या म्हणाल्या. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान बाई. मी चादर चौथ्यांदा घातली.

वॉर्डात गेलो तेव्हा वेगळंच त्रांगडं झालं. आमच्याकडच्या दवाखान्यांत झाडणारी, शौचाचं भांडं देणारी बाई म्हणजे ‘मावशी’. पोरींना सगळे ‘सिस्टर’ म्हणायचे. मला बघितलं की एकसुरात, "ओ मावशी, भांडं आणा!" मी भांडं आणायची, कारण शिकाऊ नर्सला तेही करावंच लागतं. पण वॉर्डातल्या खऱ्या मावशी भडकल्या. "माझं काम घेतलंस ते घेतलंस, आता नावबी घेतीस व्हय?" त्यांची समजूत काढण्यात माझा पहिला महिना गेला.

शेख मॅडमनी शिकवलेली एक गोष्ट इथं नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्याशी जोडलेलं आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं अंग पुसणं हे नर्सचं मूळ काम. लोकांना वाटतं, त्यात काय शिकायचंय? आधी त्याला सांगायचं की मी आता तुमचं अंग पुसणार आहे. मग पलंगाभोवती पडदा ओढायचा. अंगावर चादर तशीच ठेवून एका वेळी एकच हात किंवा एकच पाय बाहेर काढायचा, पुसायचा, झाकायचा, मग दुसरा. मधला भाग सगळ्यात शेवटी, आणि पेशंटला जमत असेल तर फडकं त्याच्याच हातात देऊन आपण तोंड फिरवायचं. प्रतीक्षा नावाची एक पोरगी होती वर्गात, तिनं विचारलं, "बेशुद्ध असला तर पडदा कशाला मॅडम? त्याला काय कळतंय?"

मॅडम म्हणाल्या, "त्याला कळत न्हाय, हे तुला कुणी सांगितलं?"

मी हे घरी कौतुकानं सांगायला गेले. आत्तींनी हातातली भाकरी तव्यावर टाकली. "म्हंजे परक्या बाप्याचं अंग धुतीस, आणि त्याच हातानं हितं पीठ मळतीस?"

"हात धुते की, आत्ती."

"हात धुशील गं. डोळं कशानं धुशील?"

आत्ती लाजेच्या बाबतीत फार कडक. न्हाणीचं दार लुगडं पुरतं नेसून झाल्याशिवाय उघडायचं नाही. स्वतःचा मुलगा समोर आला तरी डोक्यावरचा पदर पुढं ओढायच्या. त्या दिवसापासून भाकरी त्यांनी स्वतःच्या हातात घेतली. मला वाटलं, माझ्या हाताचा विटाळ म्हणून. असेलही. पण त्यामुळं पुढं मी बाहेर पडताना माझा डबा रोज तयार असायचा. तो देताना रोज बोलणी असायची आणि रोज त्यात लसणाची चटणीही असायची.

घरी हे, आणि वॉर्डात पाहुणे. कोल्हापूरच्या माणसाला पेशंट भेटायला एकट्यानं येणं माहीतच नाही. जीप भरून येतात. "पावणं, एकेक जण आत या," असं घसा फोडून सांगावं, तर एकेक जण करत सगळे आतच. आणि हातात काहीतरी असतंच. सगळ्यात वैताग आणायची ती अळणी. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, मटण शिजवताना तिखट-मसाला घालायच्या आधी जो पातळ रस काढून ठेवतात ती अळणी. आमच्याकडं बाळंतीण, म्हातारं, तापातून उठलेलं पोर, सगळ्यांवर हे एकच औषध.

वारं गेलेल्या, म्हणजे अर्धांगवायू झालेल्या माणसाला पुष्कळदा गिळता येत नाही. तोंडात घातलेलं पोटाऐवजी फुफ्फुसात उतरतं आणि माणूस त्यानंच जातो. म्हणून नाकातून पोटात नळी घालतात आणि तोंडानं पाण्याचा थेंबही द्यायचा नाही अशी पाटी पलंगाला लावतात. अशाच एका म्हाताऱ्या पैलवानाजवळ मला बसवलं होतं. त्याची बायको थर्मास घेऊन आली.

"काकू, तोंडानं कायच द्यायचं न्हाय."

"काय न्हाय गं, अळणी हाय. तिखट न्हाय."

"पाणीसुद्धा चालत न्हाय."

"मग उपाशी मारतीस व्हय माझ्या माणसाला?"

"नळीतनं जातंय की पोटात सगळं."

"नळीला चव असती व्हय?"

याला नर्सिंगच्या पुस्तकात उत्तर नाही. मी जरा पलीकडं गेले तेवढ्यात बाईनं चमचा लावलाच. पैलवान निळा पडायला लागला. मशीननं घशातलं ओढून काढलं, डॉक्टर धावले, वाचला. मी दूध संस्थेतला आवाज लावला आणि थर्मास काढून घेतला. बाई वॉर्डाच्या मधोमध बसून मला तळतळाट देत राहिली. दोन्ही बाजूंच्या पलंगांवरचे पाहुणे तिच्याच बाजूनं. "शिकल्याली हाय, पण काळीज न्हाय बघा." नंतर मावशीनं थर्मास हलवून विचारलं, "मग ही वतून टाकायची?" नाही ओतली. आम्ही दोघी भांडारात बसून प्यायलो. चांगली झाली होती.

असं सगळं रडतखडत शेवटच्या वर्षापर्यंत आलं. होळीनंतर कारखाना बंद झाला, हे घरी आले, माझी परीक्षा पावसाळ्यात. आणि एका सकाळी भाकरी थापता थापता आत्तींच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली, गिळणं गेलं.

दवाखान्यात होत्या तोवर मी रजा टाकून त्यांच्याजवळच होते. घरी सोडायच्या दिवशी व्हरांड्यात सगळी भावकी जमली. नळी आहे, अंगाखालचं सगळं बघावं लागेल, दर दोन तासांनी कूस बदलावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. कुणाच्या चेहऱ्यावर काळजी दिसेना. माझी नणंद सुमनवन्सं गगनबावड्याला दिलेली. तिनं डॉक्टरांना हसून सांगितलं, "घरातच नर्स हाय की!"

"म्हातारीनं नशीब काढलंय," शेजारच्या काकू म्हणाल्या.

"बाई लावायला नगं, काय नगं," चुलतदीर म्हणाले.

सगळे इतके सुटल्यासारखे हसले की मीही हसले. माझी परीक्षा आहे, हे कुणाच्या लक्षात नव्हतं असं नाही. नर्स व्हायला म्हणून मी तीन वर्षं घरातून बाहेर पडत होते, आणि नर्स आहे म्हणून मी आता घरात बसावं, यात कुणाला काही विचित्र वाटलं नाही. वैताग मला त्याचा आला.

परीक्षेला बसायला हजेरी लागते, वॉर्डातले आणि बाळंतिणीच्या खोलीतले तास पुरे लागतात. माझी रजा संपली होती. शेख मॅडमना भेटले. त्यांनी माझ्या हजेरीचं रजिस्टर काढलं. "आणखी रजा घेतली तर यंदा बसता येणार नाही. पुढच्या वर्षी बसा."

"पुढच्या वर्षी मी येणार नाही, मॅडम. मला माहीत आहे."

"मलाही माहीत आहे," त्या म्हणाल्या. "सोडा असं मी म्हणणार नाही. सोडू नका असंही म्हणणार नाही. माझी सासू धडधाकट आहे, मी काय बोलू?"

घरी येऊन यांना सांगितलं, "सोमवारपासून मी कॉलेजला जाणार."

"आणि आईचं?"

"तुम्ही करायचं."

"मी?"

"कारखाना बंद आहे. घरीच आहात."

"नळीतनं घालीन मी. पण ते दुसरं…"

"दुसरंच जास्त असतंय."

कुणी विचारेल, बाई का लावली नाही? सगळे विचारतात, आणि मी सांगते की मिळाली नाही. एक आली होती, दोन दिवसांत गेली, हे खरं. पण त्यानंतर मी फारशी शोधली नाही, हेही खरं, आणि हे मी पहिल्यांदाच लिहितेय. कर्ज काढून, हातापाया पडून एखादी मिळाली असती. आमच्या वॉर्डातल्या मावशींच्या ओळखीत अशा दोघी-तिघी होत्या, मी त्यांना विचारलं नाही. व्हरांड्यात एवढी माणसं होती, सगळ्यांनी ‘घरात नर्स हाय’ म्हटलं. एकानंही ‘घरात ल्योक हाय’ म्हटलं नाही. ते माझ्या डोक्यात बसलं होतं. मला ते लेकाला करायला लावायचंच होतं.

सुमनवन्सं थोडे दिवस राहून गेली. तिच्याकडं पाऊस लवकर उतरतो, भाताची लावण आली की तिला हलता येत नाही. तेवढ्या दिवसांत मी यांना शिकवलं. नळीत काही घालायच्या आधी सिरिंजनं ओढून बघायचं की पोटातलं पाणी येतंय का, म्हणजे नळी जागेवर आहे. उशाशी उंच करायचं. सिरिंजचा दट्ट्या काढून तिचं नरसाळं करायचं आणि पेज आपोआप उतरू द्यायची, दाबायची नाही. शेवटी पाणी घालून नळी धुवायची. बॉयलरवरचा माणूस, त्याला हे एका फटक्यात कळलं. "म्हंजे लाइन फ्लश करायची. सरळ सांग की मग!" दोन तासांनी कूस बदलायचं तर त्यांनी पाळीच्या भोंग्यासारखं अंगावर घेतलं. एकदाही चुकलं नाही. पाठीला जखम झाली नाही आत्तींच्या, शेवटपर्यंत.

दुसरंही शिकवलं. कुशीवर कसं करायचं, पुढून मागं कसं पुसायचं, ओलं कसं राहू द्यायचं नाही. सगळं सांगितलं, पडद्याचं आणि चादरीचं तेवढं सोडून. मी नर्स म्हणून चांगली शिकवते, हे मला तेव्हाच कळलं.

पहिल्यांदा ते एकट्यानं करत होते तेव्हा मी दारात उभी होते, डबा पिशवीत घालत. आत्तींनी डावा, चालता हात हळूहळू वर नेला. लुगड्याचा पदर चाचपडत शोधला आणि ओढून तोंडावर घेतला. खाली लेक काम करत होता, त्याला दिसलंच नाही. अंग झाकायला त्यांच्या हातात काही नव्हतं, म्हणून त्यांनी तोंड झाकलं.

मी बघितलं आणि वॉर्डात गेले. तिथं एका अनोळखी बाईचं अंग पुसायचं होतं. पडदा ओढला, बाईला सांगितलं, चादरीखालून एकच हात बाहेर काढला. सगळं बरोबर केलं.

हे रोज होत राहिलं. काही दिवसांनी यांनी मला विचारलं, "आई तोंडावर पदर का घेती गं? डास चावत्यात व्हय?"

मी उत्तर द्यायला हवं होतं. मी शिकलेली होते, मला नेमकं माहीत होतं. पण सांगितलं असतं तर यांनी दुसऱ्या दिवशी हात लावला नसता, आणि मग मला घरी बसावं लागलं असतं. मी म्हटलं, "असतील डास."

संध्याकाळी परतले तर आत्तींच्या पलंगावर नवी मच्छरदाणी टांगलेली, आणि खाली डासांची कॉईल धुमसतेय. "आता बघ, निवांत झोपंल," हे म्हणाले. मी कॉईल विझवली, धुरानं त्यांना खोकला येईल म्हणून. मच्छरदाणी राहू दिली.

राग मला भावकीचा होता, यांचाही होता थोडा. तो फिटला आत्तींच्या लाजेतून. तीन वर्षं माझा डबा ज्यांनी भरला त्यांच्या. हे मला तेव्हाही कळत होतं, नंतर कळलं असं नाही. कळत असून मी रोज वेळेवर जात होते. पुस्तकात वाचलेलं सगळं डोक्यात राहायचं, एवढं चांगलं डोकं माझं कधीच चाललं नव्हतं.

गल्लीत बोलणं सुरू झालं. "सुनंनं ल्योकाला आईची घाण काढाय लावलीया." मला त्याचं एवढं वाटलं नाही. वैताग आणला तो पुढं काही वर्षांनी, महिला दिनाला. आमच्या भागातल्या एका मंडळानं यांना ‘आदर्श पती’ म्हणून शाल-श्रीफळ दिलं. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी. "पत्नीच्या शिक्षणासाठी मातेची सेवा…" टाळ्या. हे खुर्चीत घामाघूम झालेले, मी शेजारी साडी नीट करत बसलेली. मला माइक दिला. मी ‘यांची साथ होती म्हणूनच’ म्हटलं आणि बसले. त्यानंतर ही गोष्ट मला न विचारता तीन-चार ठिकाणी छापून आली, दर वेळी जास्त गोड होऊन. त्यात आत्ती ‘आशीर्वाद देणाऱ्या सासूबाई’ आहेत. वाचा गेलेली बाई आशीर्वाद कशी देईल, हे लिहिणाऱ्याला विचारावंसं वाटतं. पण मी कुठं खरं सांगितलं होतं?

कोरोनातल्या ड्युट्यांचं लिहा, असं या अंकाच्या संपादकांचं म्हणणं होतं. त्यावर सगळ्यांचं लिहून झालंय. मला हे लिहायचं होतं. आत्तींना जाऊन आता वर्षं झाली. डासांचं मी यांना अजून सांगितलेलं नाही. ते अंक वाचत नाहीत. कुणी वाचून दाखवला तर दाखवू दे.

परीक्षा झाली. दसऱ्याच्या आसपास निकाल लागला, मी पास झाले आणि जिथं मावशी म्हणवून घेत होते तिथंच सिस्टर म्हणून लागले. कारखान्याचा बॉयलर पेटला, यांना पहिली पाळी मिळाली. माझी ड्युटी दुपारची. म्हणजे आता सकाळचं सगळं माझ्याकडं येणार होतं. खरं सांगते, मी त्या सकाळची वाट बघत होते. तोवर आत्तींची नळी निघाली होती, मऊ भात गिळायला लागल्या होत्या, तीन-चार शब्दही यायला लागले होते.

हे कामावर गेल्यावर मी पाणी कोमट केलं, टॉवेल काढले, खिडकी लावली, दाराला कडी घातली. जवळ जाऊन सांगितलं, "आत्ती, आजपासनं मी करते. यांना लागायचं न्हाय आता."

चादरीला हात लावला तर त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. त्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"न्हाय."

"अहो, ओलं झालंय सगळं. मी बाईमाणूस हाय की."

"बाळू."

"ते कारखान्यावर गेल्यात. दुपारी येतील."

"बाळू."

चादरीचं टोक त्यांनी मुठीत गच्च धरलं आणि भिंतीकडं तोंड केलं. जोर केला असता तर जमलं असतं. वॉर्डात करावा लागतो कधी कधी, पेशंटच्याच भल्यासाठी. मी केला नाही. माझ्यावर राग होता, की सवय झाली होती लेकाच्या हाताची, की मी नव्हते तेवढ्या महिन्यांत त्या दोघांचं काहीतरी जमून गेलं होतं, मला सांगता येत नाही. पेशंटचा चेहरा बघून निम्मं दुखणं ओळखते मी, असं डॉक्टर म्हणतात. तो चेहरा मला वाचता आला नाही.

पाणी निवलं. मी फोन केला. जेवणाच्या सुट्टीत हे सायकलवरून आले, अंगाला उसाच्या भुश्शाची राख, कपाळावर काजळी. कोपरापर्यंत हात धुतले, मी शिकवले होते तसे, आणि आत गेले.

"काय गं म्हातारे, एक दिवस माझ्याबिगार चालंना व्हय तुला?"

आतून आत्तींचा आवाज आला. हसल्याचा होता. दवाखान्यातून आणल्यापासून तो मी ऐकला नव्हता. हे कामाला लागले, कुठल्या बॉयलरची नळी गळतेय, फोरमन कसा बोंबलत होता, ते आईला सांगत. त्याही मधे मधे "व्हय" म्हणत होत्या.

नवं पाणी घेऊन मी दारात गेले. यांनी मान वळवली, बादली माझ्या हातातून घेतली.

"दार लाव गं भायेरनं."

मी दार लावलं.